१.७ कोटी डॉलरचा कप्रिझोव्ह मिनेसोटाला परवडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनेसोटा वाइल्ड या आइस हॉकी संघानं ३० सप्टेंबर २०२५ रोजी किरिल कप्रिझोव्हशी ८ वर्षांचा, १३.६ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी १.७ कोटी, म्हणजे एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या) इतिहासातला सर्वांत मोठा आकडा. मिनिआपोलिसमधल्या तुमच्या ऑफिसात यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, असलेल्या लीगमध्ये एकाच्या ताटात एवढं वाढलं की बाकीचा संघ उपाशी राहतो. दुसरा म्हणतो, त्याला जाऊ दिलं असतं तर संघात बघण्यासारखं उरलं काय असतं? तुम्ही हे सगळं आयपीएलच्या पर्सच्या हिशेबानं समजून घ्यायला गेलात आणि ऋषभ पंतचे २७ कोटी आठवून आणखी गोंधळलात.

माझं मत आधीच सांगतो. करार महाग आहे, पण या एका करारानं संघ बुडत नाही. तो सार्थकी लागेल की गळ्यात अडकेल हे त्याच्याभोवती असलेले सात-आठ करार ठरवतील. त्याची प्रकृती आणि कॅप पुढं कशी वाढते यावरही बरंच अवलंबून आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी कुणाच्या हातात नाहीत. पण आज जे मोजता येतं तेवढं मोजून पाहू.

करारांचे तक्ते मांडताना मी डॉलरचा रकाना सर्वांत शेवटी बघतो. पहिला रकाना टक्क्यांचा. कॅप दरवर्षी बदलते, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांतले डॉलर एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेला, त्यानंतर २००५-०६ मध्ये कॅप आली तेव्हा ती ३.९ कोटींची होती. २०२५-२६ ला ती ९.५५ कोटी आहे. २०२६-२७ साठी १०.४ कोटी आणि २०२७-२८ साठी ११.३५ कोटी असे अंदाज लीगनं आणि खेळाडूंच्या संघटनेनं मिळून आधीच जाहीर केले आहेत. कप्रिझोव्हचा नवा करार २०२६-२७ पासून लागू होतो, म्हणून त्याला ९.५५ नं भागणं चूक आहे. १.७ भागिले १०.४, म्हणजे १६.३ टक्के. पुढच्या वर्षी १५ टक्के.

आता हाच भागाकार जुन्या करारांना लावा, करार सुरू झाला त्या हंगामाची कॅप घेऊन. सिडनी क्रॉस्बी, २००८-०९, ८७ लाख, कॅप ५.६७ कोटी: १५.३ टक्के. अलेक्झांडर ओवेच्किन, तोच हंगाम, ९५.४ लाख: १६.८ टक्के. शिकागोचे पॅट्रिक केन आणि जोनाथन टेव्झ, २०१५-१६, प्रत्येकी १.०५ कोटी: १४.७ टक्के. कॉनर मॅकडेव्हिड, २०१८-१९, १.२५ कोटी: १५.७ टक्के. ऑस्टन मॅथ्यूज, २०२४-२५, १.३२५ कोटी: १५.१ टक्के. लिऑन ड्रायसाइटल, २०२५-२६, १.४ कोटी: १४.७ टक्के. या रांगेत कप्रिझोव्ह १६.३ वर बसतो. वरच्या टोकाला आहे, पण रांगेबाहेर नाही. ओवेच्किनचा वाटा त्याच्याहून मोठा होता. नियमानं एका खेळाडूला कॅपच्या जास्तीत जास्त २० टक्के देता येतात. करार झाला त्या दिवशीच्या कॅपवर ती मर्यादा १.९१ कोटी होती, म्हणजे तो तिच्या बराच खाली थांबला.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. या रांगेतली बाकीची नावं बहुतेक विशीतच मोठ्या करारावर गेली. क्रॉस्बी आणि मॅकडेव्हिडचे ते करार विशीच्या सुरुवातीचे. कप्रिझोव्हचा जन्म एप्रिल १९९७ चा, म्हणजे नव्या कराराचा पहिला सामना तो २९ व्या वर्षी खेळेल आणि शेवटचा ३७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर. टक्का तोच असला तरी त्या टक्क्यात विकत घेतलेली वर्षं वेगळी आहेत. याकडे नंतर परत येतो.

आयपीएलची तुलना कुठं फसते ते आधी बघू, कारण तुमचा गोंधळ तिथं आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी रुपयांची होती. पंतचे २७ कोटी म्हणजे २२.५ टक्के. वाटा बघितला तर तो कप्रिझोव्हपेक्षा मोठा. मग तिथं एवढी काळजी का नसते? कारण आयपीएलमध्ये खेळाडूला मोकळं केलं की त्याची पूर्ण रक्कम पर्समध्ये परत येते. कोलकात्यानं वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटींना घेतलं, एका हंगामानंतर सोडलं आणि सगळे २३.७५ कोटी पुढच्या लिलावासाठी हाती आले. चूक एका वर्षात पुसली गेली.

एनएचएलमध्ये चूक पुसली जात नाही, ती पुढं पसरते. खेळाडूला काढायचं तर बायआउट करावं लागतं. खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग त्याला द्यायचा, आणि तो उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून. कॅपवर मात्र वेगळं गणित चालतं. करारातला सरासरी आकडा घ्यायचा, आणि त्या वर्षीचा पगार वजा बायआउटचा हप्ता एवढी जी बचत झाली, तेवढीच त्यातून कमी करायची. सही करताना मिळणारा बोनस बायआउटमध्ये कमी होतच नाही. म्हणून बोनसवर बांधलेला करार बायआउट करून हाती जवळपास काहीच लागत नाही. खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवलं तरी सूट मिळते ती किमान पगार अधिक ३.७५ लाख, म्हणजे २०२५-२६ च्या हिशेबानं ११.५ लाख डॉलर. १.७ कोटींपुढं ती कुठंच पुरत नाही, आणि अशा मोठ्या करारांत बहुधा नो-मूव्ह कलम (खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही) असतं, त्यामुळे तो रस्ता मुळातच बंद असतो. उरतो ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल. त्यात जास्तीत जास्त निम्मा भार स्वतःकडे ठेवता येतो, आणि एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात.

हे सगळं मिनेसोटाच्या चाहत्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही, कारण ते त्यांनी भोगलं आहे. जुलै २०१२ मध्ये झॅक पॅरिझे आणि रायन सूटर या दोघांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९.८ कोटींचे करार दिले गेले. सरासरी ७५.४ लाख. पैसे सुरुवातीच्या वर्षांत जास्त आणि शेवटी अगदी कमी, अशी मांडणी. २०२१ च्या जुलैत दोघांनाही बायआउट केलं तेव्हा पॅरिझेच्या उरलेल्या चार वर्षांचा पगार ६० लाख, २० लाख, १० लाख, १० लाख असा एकूण १ कोटी होता. त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ६६.७ लाख, आठ वर्षांत विभागले की हप्ता ८.३ लाखांचा. पहिल्या वर्षी बचत ५१.७ लाखांची, म्हणून कॅपवर फक्त २३.७ लाख उरले. पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी पगारच १० लाख होता, बचत जेमतेम १.७ लाखांची, म्हणून ७५.४ पैकी ७३.७ लाख तसेच बसून राहिले. सूटरचे आकडे तेच. दोघांचे मिळून २०२१-२२ ला ४७.४ लाख, पुढच्या वर्षी १.२७ कोटी, आणि २०२३-२४ व २०२४-२५ ला प्रत्येकी १.४७ कोटी.

आता हे आकडे टक्क्यांत बघा. २०२३-२४ ची कॅप ८.३५ कोटी होती, म्हणजे १७.७ टक्के. २०२४-२५ ला ८.८ कोटी, म्हणजे १६.८ टक्के. याचा अर्थ असा की सलग दोन हंगाम मिनेसोटानं कप्रिझोव्हच्या नव्या वाट्यापेक्षा मोठा वाटा बुडीत खात्यात टाकला होता, संघात नसलेल्या दोन माणसांसाठी. त्यातल्या पहिल्या वर्षी प्लेऑफ हुकलं, दुसऱ्या वर्षी गाठलं आणि पहिल्या फेरीत व्हेगसकडून सहा सामन्यांत हरले. २०२५-२६ पासून ती बुडीत रक्कम १६.७ लाखांवर उतरली आहे आणि २०२८-२९ ला संपते. ‘संघ बुडाला’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांपुढं ठेवायला माझ्या मते हा सर्वांत सरळ आकडा आहे. तेवढाच वाटा रिकाम्या खुर्च्यांना देऊन हा संघ प्लेऑफपर्यंत पोचला होता. आता त्याच जागी कप्रिझोव्ह बसणार आहे.

पण यावरून ‘मग काहीच चिंता नाही’ असंही म्हणता येणार नाही, कारण त्या काळात कप्रिझोव्ह स्वतः ९० लाखांत खेळत होता. म्हणून २०२६-२७ चा ताळेबंद प्रत्यक्ष मांडावा लागतो. आधीच झालेले मोठे करार घेऊ. कप्रिझोव्ह १.७ कोटी. ब्रॉक फेबर ८५ लाख. डिसेंबर २०२५ मध्ये व्हँकूव्हरकडून आणलेला क्विन ह्यूज ७८.५ लाख. जॅरेड स्पर्जन ७५.७५ लाख. मॅट बोल्डी ७० लाख. गोलरक्षक फिलिप गुस्टाव्हसन ६८ लाख. योनास ब्रोडिन ६० लाख. योएल एरिक्सन एक ५२.५ लाख. वर बुडीत खात्याचे १६.७ लाख. बेरीज ६.७६ कोटी, म्हणजे कॅपचे बरोबर ६५ टक्के. उरले ३.६४ कोटी. रोस्टर २३ जणांचं धरलं तर आठ जागा भरल्या, पंधरा बाकी. माणशी २४.२ लाख.

२४.२ लाख हा आकडा कसा वाचायचा? २०२६-२७ चा किमान पगार ८.५ लाख आहे. पंधरातले चार-पाच जण किमान पगाराच्या आसपास असतात: चौथी लाइन (लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड), सातवा डिफेन्समन, राखीव. दोन-तीन जण पहिल्या तीन वर्षांच्या करारावरचे तरुण असले तर त्यांचा मूळ पगार साधारण १० लाखांपाशी अडतो. उरलेल्या सात-आठ जणांना सरासरी ३५ ते ४० लाख मिळू शकतात. त्यात दुसरी लाइन अर्धी, तिसरी लाइन पूर्ण आणि एक बरा राखीव गोलरक्षक बसतो. आरामाचा संसार नाही, पण ओढाताणीचाही नाही. कॅपच्या जवळ खेळणाऱ्या बहुतेक चांगल्या संघांची स्थिती अशीच असते.

आता तुमच्या सहकाऱ्याचा खरा मुद्दा तपासू: तो १.५ कोटीत मिळाला असता तर? ताळेबंदात २० लाख जास्त उरले असते. माणशी सरासरी २४.२ वरून २५.६ लाख झाली असती. प्रत्यक्षात ते २० लाख पंधरा जणांत वाटले जात नाहीत. एका किमान पगाराच्या खेळाडूऐवजी एक २८-२९ लाखांचा खेळाडू घेता येतो, म्हणजे चौथ्या लाइनचा माणूस काढून तिसऱ्या लाइनचा. फरक आहे, पण एवढ्यानं संघाचं नशीब बदलत नाही.

इथं एक बारकावा आहे आणि तो पहिल्या तटाच्या बाजूचा आहे. कॅप रोजच्या हिशेबानं मोजली जाते. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून १० लाखांची जागा मोकळी ठेवली, तर एक पंचमांश दिवस उरलेले असताना त्या जागेत वर्षाला ५० लाख घेणारा खेळाडू मावतो, कारण त्याचा फक्त उरलेल्या दिवसांचा पगार धरायचा असतो. म्हणून २० लाखांची मोकळी जागा ट्रेड डेडलाइनच्या (हंगामातल्या ट्रेडच्या शेवटच्या तारखेच्या) सुमारास कोटीभराच्या खेळाडूएवढी होऊ शकते. कसलेले व्यवस्थापक स्टारशी घासाघीस करतात ती मुख्यतः या जागेसाठी. तेव्हा ‘२० लाखांनी काय होतं’ असंही वादात म्हणू नका. होतं, पण जागा खरोखर मोकळी ठेवली तर. बहुतेक संघ ती जुलैतच भरून टाकतात.

‘एकाऐवजी ८५ लाखांचे दोन घेतले असते’ हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. कागदावर बरा दिसतो. अडचण अशी की बर्फावर एका वेळी गोलरक्षक सोडून पाचच उतरतात, आणि सामन्याला गोलरक्षक सोडून अठराच जण घेता येतात, साधारणपणे बारा फॉरवर्ड व सहा डिफेन्समन. एका जागेवर दोन माणसं उभी करता येत नाहीत. त्यातून ८५ लाखांचे दोघे आणायचे कुठून? खुल्या बाजारात येणारा खेळाडू साधारण २७ वर्षांपुढचा असतो, आणि त्याच्या संघानं त्याला राखलेलं नसतं. कप्रिझोव्हच्या तोडीचे खेळाडू खुल्या बाजारात क्वचितच येतात. २०२१-२२ मध्ये ४७ गोल आणि १०८ गुण (गोल अधिक गोलला केलेली मदत) करणारा लेफ्ट विंगर पैसे असले म्हणून विकत मिळेल असं नाही. मिनेसोटालाही तो विकत घेऊन मिळाला नव्हता, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पाचव्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर हाती लागला होता.

त्याच वेळी हॉकीतल्या स्टारची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. सर्वोत्तम फॉरवर्डसुद्धा ६० पैकी २१-२२ मिनिटं खेळतो. बास्केटबॉलच्या एनबीएत स्टार ४८ पैकी ३५-३६ मिनिटं मैदानावर असतो, म्हणूनच तिथं अनुभवी खेळाडूला कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत दिलेलं पचतं. हॉकीत उरलेली ३८ मिनिटं दुसरे लोक खेळतात, आणि सामने तिथं हरले जातात. त्यामुळे स्टारच्या पगारापेक्षा मधल्या फळीचे करार मी जास्त बारकाईनं तपासतो.

मधल्या फळीत काय बिघडतं याची दोन उदाहरणं पुरेत. पहिलं टोरांटोचं. २०१९-२० मध्ये मॅथ्यूज १.१६ कोटी, जॉन टॅव्हारेस १.१ कोटी, मिच मार्नर १.०९ कोटी आणि विल्यम नायलँडर ६९.६ लाख. चौघांचे ४.०५ कोटी, म्हणजे ८.१५ कोटींच्या कॅपचे ४९.७ टक्के. हे करार झाले तेव्हा कॅप वाढत जाईल असं सगळेच धरून चालले होते. मग करोना आला, तीन हंगाम कॅप ८.१५ कोटींवर गोठली, आणि २०२३-२४ ला ती ८.३५ वर होती. चार वर्षांत मॅथ्यूजचा वाटा १४.३ वरून फक्त १३.९ टक्क्यांवर आला. जो भार दरवर्षी हलका व्हायचा होता तो जागचा हलला नाही, आणि त्याची किंमत डिफेन्स व गोलरक्षकाच्या जागांनी चुकवली. कप्रिझोव्हच्या कराराला असलेला सर्वांत मोठा धोका याच जातीचा आहे. २०२७-२८ नंतर कॅप दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली तर त्याच्या शेवटच्या वर्षी, २०३३-३४ ला, त्याचा वाटा ११.२ टक्के होईल. ३ टक्क्यांनी वाढली तर १२.५. अजिबात वाढली नाही तर १५ टक्के, आणि तोही ३६ वर्षांच्या खेळाडूसाठी.

दुसरं उदाहरण एडमंटनचं, आणि ते खर्चाच्या क्रमाबद्दल आहे. २०२४ च्या जुलैत त्यांनी आधी बाहेरचे अनुभवी फॉरवर्ड घेतले: व्हिक्टर अर्विडसन ४० लाखांना, जेफ स्किनर ३० लाखांना. स्वतःचे दोन तरुण, फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे, ‘यांना दुसरा कोण नेतोय’ अशा भरवशावर मागं ठेवले. ऑगस्टमध्ये सेंट लुइसनं दोघांनाही ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या खेळाडूला दिलेला कराराचा प्रस्ताव) दिली, ४५.८ आणि २२.९ लाखांची. सात दिवसांत एडमंटननं तेवढीच रक्कम मोजायची किंवा खेळाडू सोडायचा, असा नियम. कॅपमध्ये जागा नव्हती. दोघेही गेले, बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा एकेक ड्राफ्ट पिक. त्या वर्षी मॅकडेव्हिड १.२५ कोटीत आणि ड्रायसाइटल ८५ लाखांत खेळत होते. स्टार महाग होते म्हणून हे घडलं नाही. घरच्या तरुणांची जागा आधी बाजूला काढून ठेवली नाही म्हणून घडलं. मिनेसोटाच्या ताळेबंदातल्या त्या पंधरा जागांसाठी हाच क्रम पाळावा लागेल: आधी घरचे तरुण, मग राखीव गोलरक्षक, आणि बाहेरचे तिशीपुढचे खेळाडू सर्वांत शेवटी, तेही एक-दोन वर्षांच्या करारावर.

वयाचं आणि दुखापतींचं सांगायचं राहिलं होतं. फॉरवर्डची गोल करण्याची क्षमता साधारण चोविशी ते अठ्ठाविशीत शिखरावर असते. मोठे खेळाडू पस्तिशीपर्यंत उपयोगी राहतात, पण तेच राहत नाहीत. माझा अंदाज असा की पहिली चार वर्षं संघाला मोल पुरेपूर मिळेल, पाचवं-सहावं बरोबरीत सुटेल आणि शेवटच्या दोन वर्षांत संघ जास्त मोजेल. ८ वर्षांच्या करारात हे गृहीतच असतं. सुरुवातीच्या वर्षांचा आकडा आवाक्यात यावा म्हणून शेवटची वर्षं जोडली जातात. दुखापतीचं मात्र सांगता येत नाही. २०२४-२५ मध्ये तो ४१ सामनेच खेळला, आणि त्यात ५६ गुण केले. या एका ओळीत आशा आणि चिंता दोन्ही आहेत.

‘जखमी झाला तर दीर्घकालीन दुखापतीच्या यादीत टाकू, कॅप मोकळी’ असं कुणी म्हणालं तर त्याला जुना नियम आठवतोय. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह संपूर्ण साखळी हंगाम बाहेर राहिला, प्लेऑफला परतला आणि त्यांनी स्टॅन्ली कप (लीगचं अजिंक्यपद) जिंकला, कारण तेव्हा प्लेऑफमध्ये कॅप मोजतच नसत. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंची बेरीजही कॅपच्या आत बसवावी लागते. शिवाय खेळाडू त्याच हंगामात परतणार असेल तर मिळणारी सवलत आदल्या हंगामातल्या लीगच्या सरासरी पगारापुरतीच असते. १.७ कोटींची पूर्ण जागा वापरायची तर तो वर्षभर, प्लेऑफसकट, बाहेर राहायला हवा. तशी वेळ आली तर कॅपची जागा घेऊन संघ करणार काय?

राहिला प्रश्न असा की एवढा वाटा घेणारा खेळाडू असताना कप जिंकता येतो का. येतो. २००९ मध्ये पिट्सबर्गनं जिंकला तेव्हा क्रॉस्बीचा वाटा १५.३ टक्के होता. पण त्याच संघात येव्हगेनी माल्किन अजून पहिल्या, स्वस्त करारावर होता. त्याचे ८७ लाख पुढच्या हंगामापासून सुरू झाले. उलट शिकागोनं २०१०, २०१३ आणि २०१५ चे तीन कप केन-टेव्झ प्रत्येकी ६३ लाखांत असताना किंवा त्याहून कमी घेत असताना जिंकले. १.०५ कोटींचे करार सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात ब्रँडन साद आणि पॅट्रिक शार्पला ट्रेड करावं लागलं, आणि चौथा कप आला नाही. त्यामागं वय, दमणूक, ड्राफ्टमधले चुकलेले निर्णय अशी इतर कारणंही आहेत, सगळा दोष त्या दोन करारांचा नाही. तरी दोन्ही उदाहरणांतून मला एकच कसोटी मिळते: मोठ्या पगाराच्या स्टारशेजारी त्याच तोडीचा, पण अजून जुन्या भावात खेळणारा दुसरा खेळाडू आहे का, आणि किती वर्षं?

मिनेसोटाकडं तसे तीन आहेत. फेबर २०३२-३३ पर्यंत ८५ लाखांत, बोल्डी २०२९-३० पर्यंत ७० लाखांत, आणि ह्यूज ७८.५ लाखांत, पण फक्त २०२६-२७ पर्यंत. ह्यूजचं नाव तुमच्या ऑफिसातल्या वादात आलंच नाही असं दिसतं, आणि खरी गाठ तिथं आहे. २०२४ चा नॉरिस करंडक (लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनचा) मिळवलेला डिफेन्समन आज जवळजवळ अर्ध्या भावात खेळतोय. त्याला १ जुलै २०२६ पासून नवा करार करता येतो, जो २०२७-२८ पासून लागू होईल. त्यानं कप्रिझोव्हचा आकडा समोर ठेवून १.५ ते १.७ कोटी मागितले तर दोघांचे मिळून ३.२ ते ३.४ कोटी होतात, ११.३५ कोटींच्या कॅपचे २८ ते ३० टक्के. त्याच उन्हाळ्यात स्पर्जनचे ७५.७५ लाख मोकळे होतात आणि कॅप ९५ लाखांनी वाढते. म्हणजे ह्यूजची वाढ त्यात सामावते, पण मधल्या फळीला वाढीव काही द्यायला फारसं उरत नाही. ब्रोडिनचा करार आणखी एक वर्ष, २०२७-२८ पर्यंत, आहेच.

म्हणून सहकाऱ्यांशी बोलताना कप्रिझोव्हच्या आकड्यावर अडून राहू नका. ह्यूजची सही कुठल्या आकड्याला होते ते बघा, आणि त्याआधी मिनेसोटा तिशी ओलांडलेल्या कुणाला ४५-५० लाखांचा, चार-पाच वर्षांचा, नो-मूव्ह कलमासह करार देतं का, ते बघा. असा एक करार झाला तर तो कप्रिझोव्हच्या १.७ कोटींपेक्षा जास्त नडेल. त्या ४५ लाखांच्या बदल्यात मिळणारा खेळाडू १५-२० लाखांतही मिळतो, आणि तीन वर्षांनी त्याला हलवायचं म्हटलं तर घेणारा मिळत नाही.